शेरा कोणी लिहिला?

शाळेच्या कचेरीत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि अगदी शेवटच्या रकान्यात 'शेरा'. बाकीचे रकाने कागदपत्रे पाहून भरावे लागतात. शेरा मात्र लिहिणाऱ्याच्या मतातून येतो, आणि तरीही तो बाकीच्या रकान्यांइतकाच खरा मानला जातो. वही जुनी झाली, लिहिणारा निवृत्त झाला, तरी शेरा त्या मुलाच्या नावापुढे तसाच राहतो.

वैद्यकाच्या इतिहासातही असे शेरे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी समलिंगी स्त्रीपुरुषांच्या नावापुढे 'मनोरुग्ण' असा शेरा लिहिलेला होता. नेमक्या त्याच सुमारास त्यांच्या हाती एक विलक्षण औषध आले. शेरा आणि औषध एकत्र आल्यावर काय झाले, आणि त्याच जातीची औषधे आज संशोधनात परत येत असताना ही माणसे उपचाराच्या खोलीत आपली जागा का मागत आहेत, हे या लेखात सांगायचे आहे. मी डॉक्टर नाही. इतिहास शिकवणारा माणूस आहे. पण शेऱ्यांचा इतिहास हा शेवटी इतिहासच असतो.

प्रथम औषधाविषयी. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट नावाचा रोग आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. युरोपात राय नावाच्या धान्यावर तशीच बुरशी पडते. या बुरशीतल्या द्रव्यांवर काम करताना स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरी, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एक संयुग तयार केले. त्याचेच नाव एल.एस.डी. पाच वर्षे ते तसेच पडून होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये हॉफमनने ते पुन्हा बनवले, चुकून थोडेसे त्याच्या अंगात गेले, आणि तीन दिवसांनी त्याने ते मुद्दाम घेऊन पाहिले. ग्रॅमच्या हजाराव्या भागाचाही चतुर्थांश एवढी ती मात्रा होती. तेवढ्यानेही रंग, आकार, काळ, स्वतःचे अस्तित्व, सगळे बदलून गेल्यासारखे त्याला वाटले. सँडोझने पुढे हे औषध 'डेलिसिड' या नावाने मनोविकारतज्ज्ञांना संशोधनासाठी पुरवायला सुरुवात केली.

डॉक्टरांना त्यात आशा दिसली. वर्षानुवर्षे मनात दडपलेल्या गोष्टी या औषधाच्या अमलाखाली आपोआप वर येतात, रुग्ण रडतो, बोलतो, बालपणात जाऊन येतो, असा त्यांचा अनुभव होता. कॅनडात काम करणाऱ्या हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्स्ली यांना लिहिलेल्या पत्रात या औषधांसाठी 'सायकेडेलिक' हा शब्द घडवला. मनाला उघड करणारे, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमधल्या वूस्टरशायर परगण्यातील पॉविक रुग्णालयात डॉ. रोनाल्ड सँडिसन यांनी १९५२ पासून या उपचाराला आरंभ केला. विविध मानसिक त्रासांचे सहाशेहून अधिक रुग्ण त्या एका रुग्णालयात हा उपचार घेऊन गेले. म्हणजे हा चार विक्षिप्त माणसांचा खेळ नव्हता. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकाचा तो भाग होता.

आता शेऱ्याविषयी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मानसिक विकारांची पहिली अधिकृत यादी १९५२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात समलैंगिकतेची नोंद समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकारांच्या गटात होती. कायदा तर त्याहून कठोर. त्याच १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञावर पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल खटला झाला. महायुद्धात जर्मनांची गुप्त लिपी फोडण्यात त्याचा मोठा वाटा होता. तुरुंग किंवा हार्मोनची इंजेक्शने, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने इंजेक्शने पत्करली. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये तो सायनाइडच्या विषाने मेला.

ट्यूरिंगचे उदाहरण मी मुद्दाम दिले. एका बाजूला तुरुंग, नोकरी जाण्याची भीती, घरच्यांचा तिरस्कार, आणि दुसऱ्या बाजूला 'तुम्ही गुन्हेगार नाही, आजारी आहात, आम्ही बरे करू' म्हणणारा डॉक्टर. अशा वेळी माणूस कोणत्या दाराकडे वळेल? अनेक समलिंगी माणसे या उपचारांकडे आपल्या पायांनी चालत गेली, पैसे भरून गेली. त्यांनी संमतिपत्रावर सहीही केली असेल. पण दुसरी सगळी दारे बंद करून एकच उघडे ठेवल्यावर आत आलेल्या माणसाला 'स्वेच्छेने आला' म्हणावे का, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे.

आत गेल्यावर काय होई? लंडनच्या मार्लबरो डे हॉस्पिटलमध्ये डॉ. जॉइस मार्टिन या मनोविकारतज्ज्ञ बाई एल.एस.डी.चे उपचार करीत. बारा समलिंगी पुरुषांवर केलेल्या उपचाराचा त्यांचा अहवाल १९६२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लहानपणी मिळायला हवी ती आईची माया मिळाली नाही, ही उणीव उपचारात भरून काढायची, असा त्यांचा विचार. म्हणून औषधाच्या अमलाखाली रुग्ण लहान मूल झाल्यासारखा वागू लागला की त्या स्वतः आईच्या भूमिकेत शिरत, त्याला कुशीत घेत. त्यांच्या मनात दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. उलट, त्याच काळात याच माणसांना विजेचे झटके आणि ओकारीची औषधे देऊन 'सुधारणारे' दवाखाने होते. त्यांच्या मानाने जॉइस मार्टिन यांची खोली मायेची होती. पण माया दाखवून काढून टाकायचे काय होते? तर त्या माणसाचे प्रेम.

१९६२ सालीच न्यूयॉर्कच्या आयर्विंग बीबर या मनोविश्लेषकाचे आणि त्याच्या सहकाऱ्यांचे समलैंगिकतेवरचे मोठे पुस्तक आले. मुलाला घट्ट बांधून ठेवणारी आई आणि दुरावलेला बाप यांतून मुलगा असा होतो, हा त्याचा सिद्धान्त. या सिद्धान्ताला आधार होता १०६ समलिंगी पुरुषांच्या माहितीचा. पण हे सारे पुरुष मनोविश्लेषकांकडे उपचार घेत असलेले होते. जे कधी डॉक्टरकडे गेलेच नाहीत, ते मोजणीत कसे येणार? शिकवणीला येणाऱ्या मुलांवरून सबंध वर्गाला गणित येत नाही असे ठरवावे, तसला हा प्रकार.

तिकडे कॅनडाच्या पश्चिम टोकाला, न्यू वेस्टमिन्स्टर गावी हॉलिवूड हॉस्पिटल नावाचे खाजगी रुग्णालय होते. सिनेमाच्या हॉलिवूडशी त्याचा संबंध नाही. डॉ. जे. रॉस मॅक्लीन यांच्या देखरेखीखाली तिथे १९५७ पासून सायकेडेलिक उपचार सुरू झाले. दारूचे व्यसन सोडवू पाहणारे रुग्ण प्रामुख्याने येत, पण समलिंगी स्त्रीपुरुषही येत. उपचारापूर्वी रुग्णाने आपली जीवनकहाणी लिहून द्यायची, अशी तिथली पद्धत होती. मग संगीत लावलेल्या खोलीत पडून दिवसभर औषधाचा अंमल अनुभवायचा. हे रुग्णालय १९७५ मध्ये बंद झाले. अलीकडे तिथल्या जुन्या कागदपत्रांवर कॅनडातल्या इतिहासकारांनी काम केले आहे. ज्यांचे म्हणणे कधी कोणी नोंदवले नव्हते, त्यांची बाजू डॉक्टरांच्याच कपाटातून बाहेर आली, हा इतिहासाचा न्यायच म्हणायचा.

या काळातला सर्वांत मोठा आवाज टिमोथी लीरी यांचा. हार्वर्ड विद्यापीठात १९६० पासून त्यांनी आणि रिचर्ड अल्पर्ट यांनी सिलोसायबिन या अळंबीतल्या द्रव्यावर प्रयोग केले. १९६३ मध्ये दोघांनाही हार्वर्ड सोडावे लागले. लीरी पुढे तरुणांचे पुढारी झाले, जुन्या समाजाचे सारे नियम मोडायला निघाले. आणि याच बंडखोर माणसाने १९६६ च्या सप्टेंबरमध्ये 'प्लेबॉय' मासिकाच्या मुलाखतीत सांगितले की, समलैंगिकतेवर एल.एस.डी. हा नेमका उपाय आहे! सगळ्या जुन्या भिंती पाडायला निघालेल्या माणसालाही ही एक भिंत दिसली नाही. वास्तविक त्याच्या डोळ्यांसमोर ॲलन गिन्सबर्ग होते. हे अमेरिकन कवी उघडपणे समलिंगी होते. त्यांनी १९५९ मध्येच पालो आल्टो येथे एल.एस.डी. घेतले होते आणि पुढे लीरींच्या घरी सिलोसायबिनही. १९६२-६३ मध्ये ते भारतात येऊन राहिले तेव्हा त्यांचा जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्की त्यांच्याबरोबर होता. औषधाने त्यांचे प्रेम 'बरे' केले नव्हते.

अल्पर्ट यांची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. त्यांना स्वतःला पुरुषांचे आकर्षण होते आणि ते लपवून ते प्राध्यापकी करीत होते. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी, पुरुषांकडे ओढ असलेल्या एका माणसाला एल.एस.डी.च्या साहाय्याने स्त्रियांकडे वळवण्याच्या प्रयत्नाची हकीकत दिली आहे. खाटेवर पडलेला आणि उशाशी बसलेला, दोघांच्याही नावापुढे तोच शेरा होता. फरक एवढाच की उशाशी बसलेल्याचा शेरा कोणाला दिसत नव्हता. हेच अल्पर्ट १९६७ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी नीम करोली बाबांना भेटले आणि रामदास झाले. आपल्या लैंगिकतेविषयी ते मोकळेपणाने बोलू लागले ते फार उशिरा, म्हातारपणाकडे झुकताना. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते वारले.

इथे वाचक विचारतील, मन उघडणारे औषध होते तर त्यातून खरे काय ते का बाहेर आले नाही? याचे उत्तर त्या औषधाच्या गुणातच आहे. हे औषध ताप उतरवणाऱ्या गोळीसारखे काम करीत नाही. घेणाऱ्याच्या मनाची ठेवण आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती यांवर त्याचा परिणाम फार अवलंबून असतो, हे लीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच ठासून सांगितले होते. अमलाखालचा माणूस दुसऱ्याच्या सूचनेला नेहमीपेक्षा अधिक वश होतो. लंडनमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासातही हेच दिसले. मग उशाशी बसलेल्या डॉक्टरची ठाम समजूत असेल की तुझ्या दुःखाचे मूळ तुझ्या आईत आहे, तर रुग्णाला आई दिसणारच. मन उघडले खरे, पण उघडलेल्या मनात डॉक्टरचेच मत जाऊन बसले. रुग्णाने तेच बोलून दाखवले आणि डॉक्टरने ते पुरावा म्हणून लिहून घेतले. मास्तरांनी फळ्यावर उत्तर लिहावे, मुलांनी ते उतरवावे आणि मास्तरांनी म्हणावे, बघा, सगळ्यांचे एकच उत्तर आले!

हा शेरा पुसला कसा गेला, तेही पाहण्यासारखे आहे. कोणतेही नवे औषध निघाले नाही. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट केली. दवाखान्यात किंवा तुरुंगात नसलेले ३० समलिंगी पुरुष आणि ३० इतर पुरुष घेतले, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या, आणि कोणाची चाचणी कोणती हे न सांगता तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना दोन्ही गट वेगळे ओळखता आले नाहीत. तरी शेरा आणखी सोळा वर्षे टिकला. १९७२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वार्षिक सभेत एक माणूस मुखवटा घालून, आवाज बदलून व्यासपीठावर बसला. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि मी समलिंगी आहे, असे त्याने सांगितले. त्याचे नाव डॉ. जॉन फ्रायर. ज्यांच्याविषयी इतकी वर्षे बोलले जात होते, त्यांच्यापैकी एक आता डॉक्टरांच्याच सभेत स्वतः बोलत होता. १५ डिसेंबर १९७३ रोजी संघटनेच्या विश्वस्तांनी समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. काही सभासदांनी यावर मतदान मागितले, आणि १९७४ मध्ये ५८ टक्के मतांनी निर्णय कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेला हे पाऊल उचलायला १७ मे १९९० उजाडावा लागला. पारलिंगी व्यक्तींना तर मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढणारी नवी यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून अमलात आली.

आता एक योगायोग लक्षात घ्यावा. शेरा पुसला जात होता त्याच सुमारास औषधावरही बंदी आली. सँडोझने १९६६ मध्ये पुरवठा थांबवला, अमेरिकेने १९७० च्या कायद्याने एल.एस.डी. आणि सिलोसायबिन सर्वांत कडक वर्गात टाकले, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. त्यामुळे झाले असे की, या उपचारांचा हिशेब कोणी मांडलाच नाही. दवाखाने बंद, डॉक्टर निवृत्त, फायली कपाटात. ब्रिटनमध्ये १९५० ते १९७० च्या दरम्यान एल.एस.डी. दिलेल्या ४३ माजी रुग्णांना २००२ साली तिथल्या आरोग्यसेवेने न्यायालयाबाहेर तडजोड करून एकूण १,९५,००० पौंड दिले. त्यांच्या तक्रारी नाना प्रकारच्या होत्या. पण ज्यांना केवळ प्रेमाची दिशा बदलण्यासाठी हे औषध दिले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तोंड उघडले नसणार. तक्रार करायची म्हणजे आधी आपण कोण हे चारचौघांत सांगायचे.

ही औषधे आता संशोधनात परत आली आहेत. अमेरिकेत रिक डॉब्लिन यांनी १९८६ मध्ये स्थापलेल्या संस्थेने एम.डी.एम.ए. या औषधाचा उपयोग, भयंकर आघातानंतर मनात राहून जाणाऱ्या विकारावर करून पाहिला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० जण होते. औषध आणि मानसोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोक त्या विकाराच्या व्याख्येतून बाहेर आले, नुसता मानसोपचार आणि निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ३२ टक्के. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ही औषधे मर्यादित कारणांसाठी देण्याची मुभा दिली. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एम.डी.एम.ए.ला मान्यता नाकारून आणखी चाचणी मागितली. तेव्हा विषय अजून शास्त्रज्ञांच्या टेबलावर आहे. आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली एल.एस.डी., सिलोसायबिन आणि एम.डी.एम.ए. बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि हा लेख वाचून कोणी तरुणाने भलता प्रयोग करू नये, हे मुख्याध्यापक या नात्याने सांगणे माझे कर्तव्य आहे.

या नव्या लाटेत समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी माणसे काय मागत आहेत? २०१९ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चाक्रुना नावाच्या संस्थेने या विषयावर खास परिषद भरवली, त्यातून पुढे २०२२ मध्ये एक पुस्तकही निघाले. मागणी पहिली: जुना इतिहास सांगा, झाकू नका. दुसरी: चाचण्यांत आम्हाला मोजा. १९९३ ते २०१७ मधल्या अठरा सायकेडेलिक चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा सहभागी लोकांत सुमारे ८२ टक्के गोरे निघाले. वंशाचा निदान असा हिशेब तरी मांडता आला. ज्या चाचणीत सहभागी माणसाचा लैंगिक कल विचारलेलाच नसतो, तिथे तेवढेही करता येत नाही. तिसरी मागणी वरवर बारीक वाटते, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एम.डी.एम.ए.च्या चाचण्यांत रुग्णाजवळ सहसा दोन उपचारक बसत, एक पुरुष आणि एक स्त्री. या रचनेमागे आईबापांच्या जोडीची कल्पना आहे. जॉइस मार्टिन यांच्या खोलीतली 'आई' साठ वर्षांनी बापाला घेऊन परत आली म्हणा ना! ज्याला आईबापांनीच घराबाहेर काढले, त्या मुलाला अर्धशुद्धीत ही जोडी पाहून धीर येईल की धडकी भरेल? जोडी म्हणजे सुरक्षितता असेही नाही. कॅनडात २०१५ मध्ये अशाच एका चाचणीत उपचारकांनी रुग्ण स्त्रीशी गैरवर्तन केल्याचे पुढे उघड झाले. तेव्हा उशाशी कोण बसणार हे ठरवताना खाटेवरच्या माणसाला विचारा, एवढेच त्यांचे म्हणणे.

हे नीट केले तर काय होते, याचे एक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोतूनच मिळते. १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या. १९९६ मध्ये परिणामकारक औषधे येईपर्यंत त्या शहरातल्या समलिंगी पुरुषांनी आपले जोडीदार, मित्र, शेजारी एकामागून एक गमावले. जे वाचले ते म्हातारे झाले, पण जगण्याचा अर्थ हरवून बसले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा १८ जणांवर एक छोटी चाचणी केली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. सगळे स्वतःला समलिंगी म्हणवणारे, वय पन्नासच्या पुढे. प्रत्येकाला सिलोसायबिन एकदाच दिले, पण त्याच्या आधी आणि नंतर त्यांना एकमेकांबरोबर गटात बसवून बोलते केले. दुःख ओळखीचे असलेली माणसे एकमेकांच्या शेजारी बसली. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा त्यांची निराशा बरीच कमी झाली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, संख्या लहान होती, म्हणून यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण हा इतिहास वाचणाऱ्याला एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९६२ चे बारा आणि २०२० चे अठरा, दोन्हीकडे समलिंगी पुरुष आणि एकाच जातीची औषधे. बदलला तो प्रश्न. तेव्हा विचारले होते, याचे प्रेम कसे मोडायचे? आता विचारले, ज्यांच्यावर प्रेम केले ते गेल्याचे दुःख याने कसे सोसायचे?

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. शेऱ्याचा संबंध आहे. 'समाजस्वास्थ्य'चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल, आणि त्यांत समलैंगिकतेचाही प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, पण अशा विषयांवर ज्ञानाच्या भाषेत बोललेच पाहिजे हा मुद्दा मराठी माणसांनी त्या काळात न्यायालयापुढे ठेवला होता, हे विसरू नये. कायद्यातले ३७७ कलम मात्र आणखी ८४ वर्षे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. समलैंगिकता हा आजार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षी जाहीर केले.

या निकालानंतरच्या एका वर्षी एक पालक माझ्या कचेरीत आले होते. मुलगा आमच्याच शाळेतून शिकून गेलेला, हुशार, आता बाहेरगावी नोकरीला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खाली मान घालून म्हणाले, "सर, तुम्ही एवढे वाचता. पोराचं मन मुलींकडे वळंल असं एखादं औषध निघालंय का हो कुठं?" मी विचारले, "त्याला काय होतंय?" ते म्हणाले, "त्याला काही होत नाही. तो बरा आहे. आम्हालाच झोप लागत नाही." मी म्हणालो, "मग औषध कोणाला पाहिजे ते तुम्हीच सांगितलंत." ते रागावतील असे वाटले होते, पण रागावले नाहीत. चहा घेऊन गेले. या लेखासाठी मी जे काही वाचले, त्यात त्यांच्या 'तो बरा आहे' या वाक्याइतके अचूक निदान मला कोणा मोठ्या डॉक्टरच्या अहवालात सापडले नाही.

अशा पालकांना आज सांगता येण्यासारखे काही आहे, ही समाधानाची गोष्ट. मदुराईच्या दोन तरुणींनी घरच्यांपासून संरक्षण मागितले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी निकालापूर्वी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडून हा विषय समजून घेतला, अशा व्यक्तींना भेटले, आणि आपल्या मनातले पूर्वग्रह निकालपत्रात नोंदवले. न्यायाधीशाने विद्यार्थी होऊन बसावे, हे दृश्य शिक्षकाला विशेष भावते. त्यांच्या ७ जून २०२१ च्या आदेशाने लैंगिक कल 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई झाली. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. आता असा दवाखाना कोणी सुचवला, तर डॉक्टरला हा नियम दाखवता येतो.

सायकेडेलिक औषधे उद्या आपल्या रुग्णालयांत येतील की नाही, हे शास्त्र आणि कायदा ठरवील. ती न येताही आपल्या गावोगावी मुलांना बरे करायला निघालेली माणसे आहेतच. कोणी अंगारा देतो, कोणी लग्न लावून द्या म्हणतो, कोणी गोळ्या लिहून देतो. त्यांच्यापैकी कोणाकडेही जाण्यापूर्वी मुलाला शेजारी बसवून, तुला काय त्रास होतो आणि कोणामुळे होतो, असे विचारावे. लंडनच्या त्या बारा जणांना हा प्रश्न आधी विचारला असता, तर एल.एस.डी.ची बाटली उघडावीच लागली नसती.